भाताची शपथ

सरकारी केंद्रावरच भात घालायची सक्ती उठली, त्या वर्षी बाबांना माणसं दिसायला लागली, असं माझा दादा सांगत फिरायचा. खोटं आहे ते. बाबांना एकच माणूस दिसायचा, आणि तोही कित्येक वर्षांपासून.

मी तेव्हा भिवंडीत नारपोलीला राहायचे. घराच्या दोन्ही अंगांना कापडाचे लूम खडखडत, त्यामुळे फोनवर ओरडूनच बोलायची सवय. दादा म्हणाला, म्हातारा गावाला आडवा आलाय, तूच ये आणि समजव. मी गणेशपुरीची एसटी धरली आणि आमच्या फाट्यावर उतरले. वाटेत जिथे भाताची खाचरं होती तिथे गोडाऊनचे पत्रे चमकत होते. मनात म्हटलं, आता हेच बघायचं राहिलंय.

भानगड अशी होती. आमच्या पट्ट्यात भात विकायचं ते सोसायटीच्या सरकारी खरेदी केंद्रावरच, बाहेर विकलं तर गुन्हा, असा नियम मी जन्मल्यापासून ऐकत आलेले. दोन हजार सालानंतर कधीतरी वरती ठरलं आणि तो नियम गेला. कुणालाही विका म्हणाले. गिरणीवाला व्यापारी तर थेट खळ्यावर टेम्पो लावायला तयार होता. पण आमचं गाव नुसत्या नियमाने बांधलेलं नव्हतं. केंद्र नवं होतं तेव्हा व्यापाऱ्यांनी ते बंद पाडायचा घाट घातला होता. ते टिकावं म्हणून गावातल्या बाप्यांनी गावदेवीपुढे ओंजळीत भात घेऊन शपथ घेतली होती, की केंद्राबाहेर दाणा विकणार नाही, आम्ही नाही आणि आमची पोरंही नाहीत. नियम मुंबईत बसून उठवता येतो. शपथ ज्याने घेतली त्यानेच ‘सुटली’ म्हणावं लागतं. आमच्याकडे पोरंसोरं गळ्याची शपथ घालतात आणि तीही अशीच सोडवतात. शपथ घेणाऱ्यांतले बाकी सगळे देवाघरी गेले होते. उरले होते फक्त आमचे बाबा.

देवळात बैठक भरली. एकाचं म्हणणं, केंद्रावर गेलं की भात ओलं म्हणून परत पाठवतात, दिवाळीचं भात शिमग्यापर्यंत ओटीवर पडून राहतं आणि उंदरांची चंगळ होते. दुसरा म्हणाला, व्यापारी पहिली दोन वर्षं गोड बोलेल, केंद्राला टाळं लागलं की मग बघा कसा नाचवतो तुम्हाला. यावर दोघांची चांगलीच जुंपली. तिसऱ्याने हात झटकले, म्हणाला, कशाला भांडता, थोड्या वर्षांनी इथे भात तरी पिकणार आहे का. त्याने आपली जमीन आधीच गोडाऊनला दिली होती, म्हणून लोकांनी त्याला खाली बसवला. बोलून बोलून थकल्यावर सगळ्यांनी बाबांकडे बघितलं.

बाबा म्हणाले, ‘‘न्हाय.’’

दादा पाया पडला. मग चिडला. मग भर देवळात म्हणाला, म्हातारा मरायची वाट बघायची का आम्ही? माझं डोकं सणकलं. बाया बसल्या होत्या तिथून उठून मी त्याला असा झापला की पुजारीसुद्धा घंटेला हात लावायचा राहिला. पण खरं सांगते, राग मला बाबांचाही आला होता. दादाचं वर्षाचं भात खळ्यावर रचून पडलेलं, आणि हा माणूस कारणसुद्धा सांगेना.

दुपारी त्यांना तांदळाची भाकर वाढली. दोन घास खाल्ले असतील, तेवढ्यात उष्ट्या हाताने उठले, दाराशी गेले आणि म्हणाले, ‘‘आलो, आलो.’’ दोन्ही हात वर करून उभे राहिले. बाहेर ऊन होतं, दुसरं काही नव्हतं.

हे मी लहानपणापासून बघत आलेले. आम्हाला पोरांना ताकीदच होती की बांधावरून जाताना मागून कुणी ‘हात दे’ म्हटलं तर वळायचं नाही. डोक्यावरचं जड पोतं एकट्याला उतरवता येत नाही, म्हणून जो समोर येईल तो हात लावतो, मग तो वैरी का असेना. आमच्या बांधावर असाच एक जण पोतं घेऊन उभा असतो, असं लोक बोलायचे. तो कोण, हे मात्र कुणी बोलायचं नाही. मला त्या बांधाची आजही भीती वाटते.

त्या दिवशी मी बाबांचा हात धरून त्यांना खाली बसवलं. म्हटलं, बाबा, कोण आहे तिथे? आता तरी सांगा.

मग त्यांनी सांगितलं. तो त्यांचा जिवाभावाचा दोस्त होता. शपथ घेताना शेजारीच उभा होता. त्याच वर्षी त्याची बायको अडली, मूल आडवं आलेलं. भिवंडीच्या दवाखान्यात रोख लागणार होती आणि केंद्राचा पैसा यायला महिने जायचे. त्याने पहाटे एक गाडी भात व्यापाऱ्याला घातलं. बायको आणि लेक दोघी वाचल्या, पण गावाने त्याला वाळीत टाकला. तो ठराव पहिल्यांदा बोलले ते माझे बाबा. त्याच्या घरचं पाणी प्यायचं नाही, त्याच्या ओझ्याला हात लावायचा नाही. एकदा तो बांधावर पोतं घेऊन उभा होता, पाय लटलट कापत होते. आजूबाजूला कुणी नव्हतं. तो बाबांना म्हणाला, हात दे रे. बाबा सरळ पुढे बघत निघून आले. दोनच दिवसांनी तो विहिरीत सापडला.

‘‘शपथ मोडली म्हनून त्याचा जीव गेला,’’ बाबा म्हणाले. ‘‘आता मी ती सोडवली, तर तो कशापायी मेला, सांग तू.’’

गप्प बसेन तर ती मी कसली. म्हटलं, हे मला विचारू नका, जिचं माणूस गेलं तिला विचारा. लेक सासरी गेल्यावर त्याची बायको गावाच्या टोकाला अजून एकटी राहत होती. तिच्या अंगणात मी जन्मात पाऊल टाकलं नव्हतं. बाबांना जवळजवळ ओढतच नेलं.

काकी सुपात वाल निवडत बसली होती. बाबा उंबऱ्याच्या बाहेरच उभे राहिले. गावाचं काय अडलंय आणि बाबा शपथ का सोडवत नाहीत ते मीच सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

‘‘माझ्यापायी आडलंय व्हय?’’ ती म्हणाली. ‘‘सोडवा की. लोकांचं भात कशाला कुजवताय?’’

मला हायसं वाटलं. बाबा वळले, तशी ती पुन्हा बोलली. आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होती ती.

‘‘पन भावजी, हा ‘सुटली’ शबुद तवाबी तुमच्या तोंडात व्हता ना?’’

बाबा तिथून थेट देवळात गेले. लोक जमले. बाबांनी ओंजळीत भात घेतलं, देवीपुढे धरलं आणि ‘सुटली’ म्हणाले. झालं. माणसं चपला शोधायला लागली, दादाने तिथूनच गिरणीवाल्याला फोन लावला आणि देऊळ बघता बघता रिकामं झालं.

मी त्यांना घरी न्यायला वाकले तेव्हा त्यांचे ओठ अजून हलत होते. ‘सुटली, सुटली,’ असं ते म्हणतच होते. दर खेपेला आधी एक नाव घेत होते. ते नाव आमच्या घरात मी तोवर कधीच ऐकलं नव्हतं.