बकरीच्या घमेल्यातलं बळ

मायाक्का,

तुला वाचता येत नव्हतं, आणि आता तर तू नाहीसही. तरी हे तुलाच लिहिते. पायांत गोळे यायचे म्हणून परवा माझं रक्त तपासलं, पोटॅशियम कमी निघालं. नातवाच्या वयाच्या डॉक्टरानं छापील यादी हातात दिली: केळी, रताळी, शहाळं, पालेभाज्या, डाळी. वर विचारतो कसा, "आजी, पोटॅशियम म्हणजे काय ते कळतं ना?" म्हटलं, "बाळा, मी बी.एस्सी. आहे. आणि परीक्षेत जे कळलं नाही ते मला एका धनगरणीनं शिकवलं." यादीत काय खायचं ते होतं, शिजवायचं कसं ते नव्हतं. म्हणून तुझी आठवण झाली.

तुला सगळं ठाऊक आहे, पण बाकीच्यांसाठी सांगते. तू मंगळवेढ्याकडची. नवरा तापानं गेला तेव्हा पंचविशीत असशील. दीर म्हणाला, चल मेंढरांमागं. तू उलट एक बकरी आणि दोन पातेली घेऊन सोलापुरात आलीस, आणि गिरणीमागच्या चाळीत खाणावळ घातलीस. बायकापोरं गावी ठेवून आलेली गिरणीतली माणसं अशा ठिकाणी जेवत. ज्याचं त्याचं ताट, काठावर नाव ठोकलेलं, भिंतीला ओळीनं टेकवलेलं. खाणावळ सोडायची तर कोणी भांडत नसे. जेवून उठायचं, आपलं ताट काखेत मारायचं आणि चालू लागायचं. तुझ्या भिंतीला बारा ताटं होती. दहा असेपर्यंत तुझी चूल चालायची. त्याखाली गेली की दिराची मेंढरं आणि जावेचं बोलणं, दुसरं काही नाही.

सन छत्तीसच्या उन्हाळ्यात मी तिथल्या मुलींच्या शाळेत नवी मास्तरीण, अंगात पदवी संचारलेली. शहरात पटकीचे दोन-चार रोगी निघाले, तशी मी तुला, मथुराबाईला आणि चाळीतल्या आणखी तिघी खाणावळवाल्या बायकांना ओसरीवर बसवून पिण्याचं पाणी उकळायला सांगितलं. ते बरोबरच होतं. तिथंच थांबायला हवं होतं. पण मी पुढं ठोकून दिलं, "भाजीचं, डाळीचं पहिलं पाणी घाणेरडं असतं. उकळी आली की ओतून द्यायचं, आणि चांगल्या पाण्यात परत शिजवायचं." कुठल्या पुस्तकात वाचलं होतं? कुठल्याच नाही. मला ते स्वच्छ वाटलं, एवढंच.

"येळवणी टाकायचं?" तू विचारलंस. ते गाळलेलं पाणी म्हणजे तर तुझी आमटी, चिंच-लसूण घातलेली.

"टाकायचं."

"बरं. शिकल्याली माणसं म्हंत्यात म्हंजी आसंल."

महिना झाला नाही तोवर माणसं मोडायला लागली. आधी रामहरी, बॉयलरपाशी कोळसा ओढणारा. पोटऱ्यांत वांब येत, गोळे चढत, जिना चढताना गुडघे लटपटत. त्यात उन्हाळ्याची हगवण सगळ्यांनाच लागून गेलेली. घामातून आणि पोटातून जे गेलं ते भरून यावं असं ताटात होतं काय? भाकरी, चोथा झालेला तांदुळजा आणि पाणचट वरण. सगळा दोष त्या ओतलेल्या पाण्याचा होता असं मी म्हणणार नाही. पण बराचसा होता. एक ताट गेलं, आठवड्यानं दुसरं. भिंतीला दहा उरली.

त्या रविवारी, पाणी उकळतेस की नाही हे बघायला मी तुझ्या दारात उभी होते. रामहरी जेवून उठला आणि त्यानं ताट काखेत मारलं.

"मायाक्का, राग मानू नगं. तुज्या हाताला चव हाय, पर अन्न अंगी लागंना."

"जा की. ताटालाच पाय फुटल्यात, मी काय दावं लावू व्हय?"

तो उंबऱ्याबाहेर पडतो तोच बकरीनं त्याला ढुशी दिली, आणि एवढा दांडगा गडी मटकन खाली बसला. जेवणारे फिदीफिदी हसले. रामहरी म्हणाला, "हिला काय चारतीस गं? मलाच पाडतीया!"

तू हसली नाहीस. बकरीपुढच्या घमेल्याकडं बघत राहिलीस. धनगराची लेक तू, टाकणं तुझ्या रक्तात नव्हतं. मी ओतायला सांगितलेलं सगळं पाणी तू महिनाभर बकरीला पाजत होतीस.

"बाई," तू माझ्याकडं वळलीस, "हिला ह्या म्हैन्यात कडबाबी धड घातला न्हाय. आन बगा कशी टुणटुणीत हाय. माज्या माणसांचं बळ तुमी बकरीच्या घमेल्यात वताया लावलं की."

वाद घालायला मी तोंड उघडलं, आणि कॉलेजातली प्रयोगशाळा आठवली. भाजी जाळली की राखेत उरतात ते पोटॅशियमचे क्षार. मिठासारखे पाण्यात विरघळणारे. हे लिहून मी गुण मिळवले होते, आणि ओसरीवर नेमकं उलटं सांगून आले होते.

"चूक माझी आहे," मी म्हटलं.

"ती मागनं बगू. रामहरी, ताट ठेव. आट दिस दे मला. न्हाय अंगी लागलं तर ताटासंगट बकरीबी घिऊन जा."

रामहरीनं बकरीकडं एकदा नीट पाहिलं आणि ताट ठेवलं.

आठ दिवस तू तांदुळजा झाकण ठेवून, हाताच्या शिंतोड्याइतक्या पाण्यात शिजवलास. डाळीचं येळवणी परत आमटीत आलं. हुलग्याचं कढण, चुलीच्या राखेत सालासकट भाजलेले बटाटे, ताक, आणि बाजार उठताना कोणी न घेतलेली काळी पडलेली केळी. बकरी घमेलं पालथं घालून ओरडत होती.

नवव्या दिवशी रामहरी आला तो आधी बकरीपुढं जाऊन उभा राहिला. "मार आता!" तिनं मारली. तो हलला नाही. तू इतकी हसलीस की तव्यावरची भाकरी करपली. पंधरा दिवसांत गेलेल्या दोन ताटांतलं एक परत भिंतीला टेकलं. पुढं तुझी सोळा ताटं झाली, असं मी ऐकलं.

भाकरी करपली त्याच दिवशी तू मला एक काम सांगितलंस. "बाई, मथुराबाईला सांगून या. तिनंबी तुमचं ऐकून पानी टाकलंया. तिचीबी माणसं मोडत्यात, आन तिला तर बकरीबी न्हाय."

"तूच सांग की. तीन दारं सोडून तर आहे."

"माजं ऐकंल व्हय ती? म्हनंल, जेवनारी फोडाया आली. तुमच्या तोंडानं वतलंय, तुमच्याच तोंडानं भरलं पायजे."

उद्या जाते, म्हटलं. ज्या ओसरीवर मिरवले तिथंच जाऊन 'मी चुकले' म्हणायचं होतं. उद्या शाळा होती. परवा ऊन फार होतं. जूनमध्ये माझी पुण्याला बदली झाली. टांगा तुझ्या दारावरून निघाला तेव्हा पिठाचे हात तसेच घेऊन तू बाहेर आलीस.

"मथुराबाईला सांगितलं न्हवं?"

मी मान हलवली, हो म्हणून. मायाक्का, मी गेलेच नव्हते.