इस्माईलची तब्येत

लिहायला बसण्याआधी शेखबाई दोन्ही कानांच्या पाळ्या धरायच्या आणि पुटपुटायच्या, "तौबा." मग पेनचं टोपण काढायच्या. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा वाटलं, यांचं काहीतरी चुकलं असणार. विचारलं, तर शांतपणे म्हणाल्या, "अजून चुकलं न्हाई सर. आता चुकायला बसून राहिले. कादंबरी म्हणजे खोटंच की. आधीच माफी मागून ठेवलेली बरी."

अहमदपूरच्या शाळेत आम्ही काही वर्षं एकत्र शिकवलं. त्या मराठीच्या, मी इतिहासाचा. पुढे मी लातूरला आलो आणि घरचं खाऊन पुस्तकं छापण्याचा उद्योग सुरू केला. फरीदा शेख हे नाव त्यानंतर डोक्यातून गेलंच होतं. साठी ओलांडल्यावर एक दिवस त्या माझ्या दारात उभ्या राहिल्या. हातात भाजीची पिशवी, आणि पिशवीत मेथीच्या जुडीखाली पहिल्या कादंबरीचे कागद. मी भिडेखातर वाचायला घेतली आणि जेवायचं विसरलो. लोकांनीही ती आवडीने वाचली. बाईंना मात्र कौतुकाचा संकोच वाटायचा. "अल्लाहनं माणसं केली, मी त्याची नक्कल करून राहिले," एवढंच म्हणायच्या.

त्या पहिल्या कादंबरीत एक मुख्याध्यापक आहे. माणूस इतका दुष्ट, की वाचताना हात शिवशिवतात. पण मध्येच एका प्रकरणात तो एकटा विहिरीपाशी बसलेला दिसतो, बराच वेळ, आणि काही न करता उठून जातो. मी म्हटलं, हे प्रकरण काढूया, गोष्ट तिथे अडखळते. बाई ऐकेनात. "तौबाचा दरवाजा मरेपर्यंत उघडा असतो सर. माझ्या पुस्तकात कुनी कितीबी वाईट असू द्या, त्याला मी तो दरवाजा एकदा तरी दाखवते. आत जायचं का न्हाई, ते त्याचं तो बघंल." प्रकरण राहिलं. आज मला त्या कादंबरीतलं तेवढंच प्रकरण नीट आठवतं.

ही झाली श्रद्धेची बाजू. दुसरी बाजू आतल्या खोलीत पलंगावर असायची. सत्तारभाई, बाईंचे यजमान. त्यांची बेकरी होती, लाकडावरची भट्टी. उभा जन्म त्या धुरात गेला आणि म्हातारपणी छातीने दगा दिला. नाकाला नळी आणि उशाशी ऑक्सिजनचं मशीन, दिवसभर घुरघुरत असलेलं. शिक्षण उर्दू चौथी, त्यामुळे मराठी बोलायचे झकास पण वाचायची बोंब. म्हणून रोज दुपार उतरताना अस्रची नमाज झाली की बाई स्टुलावर बसून सकाळी लिहिलेलं त्यांना सांगायच्या, घरात बोलतात त्या दखनी उर्दूत. ते डोळे मिटून ऐकायचे. पसंत पडलं की म्हणायचे, "पका." नाही पडलं तर, "कच्चा है फरीदा. और रख." बाई ते पान खरोखर पुन्हा लिहायच्या. माझ्या सूचनांना कधी एवढा मान मिळाला नाही.

दुसरी कादंबरी सुरू झाली आणि आमच्या सगळ्यांच्या जिवाला घोर लागला. उदगीरमधला इस्माईल पंक्चरवाला आणि त्याची बायको जैनब यांची ती गोष्ट. इस्माईलला मध्यावर दम्याने धरलं. गाव बदललं, धंदा बदलला, तरी हा इस्माईल कोण हे ओळखायला कुणाची गरज नव्हती. सत्तारभाईंनी तर पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. "मेरे कू पंक्चर निकालने बिठाई," असं ते हसत सांगायचे.

मी जाहीर करून बसलो होतो की पुस्तक येतंय. फोन करायचो, "झालं का बाई?" तिकडून उत्तर, "इस्माईलची तब्येत बरी न्हाई सर. त्याला टाकून उठता येत न्हाई." पुढच्या महिन्यात तेच. मी मुळातच अधीर माणूस. बस सुटायच्या आत दोनदा उतरून पाहतो, ड्रायव्हर कुठे आहे ते. अहमदपूरला गेलो तर तिथे माझ्याहून वाईट अवस्था. बाई चार ओळी लिहून उठायच्या, मशीनमधलं पाणी पाहून यायच्या, एक ओळ लिहायच्या, गॅसवरचं दूध पाहायला जायच्या, परत येऊन तीच ओळ खोडायच्या. घरात सारखी चपलांची फटफट. बसा हो जरा, असं म्हणायची सोय नव्हती, कारण मी स्वतःही उभाच होतो.

शेवटी एकदा मी विषय काढला. गोष्ट कुठे चालली आहे ते दिसत होतं. इस्माईल जाणार, हे प्रत्येक पान सांगत होतं. बाई अंगणात तांदूळ निवडत होत्या. हलक्या आवाजात म्हणाल्या, "त्याला आजार दिला तो मी. पण जीव घ्यायचा हक्क मला कुनी दिला सर? मौत अल्लाहच्या हातातली गोष्ट हाय."

"बाई, कादंबरीत तो हक्क लिहिणाऱ्याचाच असतो."

"म्हणून तर भ्या वाटतं," त्या म्हणाल्या आणि सूप घेऊन आत गेल्या.

मग एक दिवस लातूरला पाकीट आलं. मी ते उभ्या उभ्या फोडलं आणि उभ्या उभ्या वाचलं. गोष्टीत दुपारची वेळ. दुकानासमोर गिऱ्हाईक खोळंबलंय. इस्माईल आत खाटेवर. जैनब स्वतः ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवून बुडबुडे कुठून येतात ते शोधते आहे. भोक सापडतं, ती बोट ठेवते, खुशीत मागे वळून सांगते, "सापडलं हो." आणि खाटेवरचा श्वास थांबलेला आहे. तिचं बोट अजून ट्यूबवरच. कादंबरी तिथे संपत होती.

मला राहवेना. दुसऱ्या दिवशी सकाळचीच एसटी धरली. न कळवता गेलो. बाई स्वयंपाकघरात होत्या, म्हणून सरळ सत्तारभाईंच्या खोलीत शिरलो आणि खुर्चीवर बसायच्या आधीच बोलून गेलो, "काय मरण लिहिलंय बाईंनी इस्माईलचं, सत्तारभाई. रात्रभर झोप नाही."

सत्तारभाईंनी डोळे उघडले. "कौन मरा?"

मला काही कळेना. ते सावकाश, दम घेत म्हणाले, "इस्माईल तो परसों उठके बैठा था सर. शोरबा पिया. दुकान का शटर खोलने की बात करा."

चहाचा ट्रे घेऊन बाई दारात उभ्या होत्या. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाईंनी मराठीत, कागदावर, इस्माईलला मारलं होतं. पण संध्याकाळी स्टुलावर बसून दखनीत त्या निराळीच गोष्ट सांगत होत्या. तिथे त्याचा खोकला कमी होत होता, भूक लागत होती, रंग परतत होता. एकाच इस्माईलच्या दोन कादंबऱ्या त्या घरात चालू होत्या आणि दोन्हींची भेट घडवून देण्याचा पराक्रम मी केला होता. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

"कागज पे मरा," बाई खाली बघत म्हणाल्या. "तुमको नै बोली."

सत्तारभाई हसले, हसता हसता खोकले, आणि खोकला थांबल्यावर म्हणाले, "किताब के झूठ की रोज तौबा करती. मेरे से झूठ बोली, उसकी करी क्या?"

बाईंनी ट्रे ठेवला आणि पदर तोंडाला लावला. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. सत्तारभाई त्यांचं रडणं संपायची वाट बघत राहिले. मशीन घुरघुरत होतं. मग अगदी रोजच्यासारखं, ऐकणाऱ्याच्या उत्सुकतेने, त्यांनी विचारलं, "अच्छा हुआ, थक गया था बेचारा. उसके बाद वो औरत क्या करी?"

"किताब वहीं खतम है."

"कैसी खतम? वो तो जिंदी है ना."

बाईंनी पदराने डोळे पुसले. म्हणाल्या, "इद्दत बैठेगी." नवरा गेल्यावर बाईने चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नाही, परक्या पुरुषासमोर यायचं नाही, ती इद्दत.

"वो तो बैठेगीच. उत्ते दिन का अल्लाह बता दिया. उसके बाद का तू बोल." सत्तारभाईंनी बाईंचा हात धरला. माझ्यासमोर त्यांनी तो कधी धरला नव्हता. "उसको हंसा के छोड, फरीदा. रोती छोडी तो मैं नै सुनता."

मी चहा न घेताच निघालो. स्टँडवर लातूरच्या दोन गाड्या सोडल्या, कारण चढायचं सुचत नव्हतं.

त्यानंतर बाई जैनबला हसवायच्या खटपटीला लागल्या. एकदा तिला नांदेडला लेकीकडे पाठवलं, नातवंडांत बसवलं. सत्तारभाई म्हणाले, "ये फोटो का हंसना है." एकदा तिला स्वप्नात इस्माईल दाखवला. "कच्चा." बाई फोनवर मला सांगायच्या, "मारायला दोन वर्षं लागली सर. हसवायला किती लागतील कोन जाने. त्या बाईला हसताना लिहायचं म्हणजे ह्यांना आधी..." आणि वाक्य सोडून द्यायच्या. मी आता "झालं का" असं विचारत नव्हतो. फोनची बेल वाजली की उचलायच्या आधी उठून उभा राहायचो.

पावसाळ्याच्या शेवटी सत्तारभाईंना नांदेडच्या दवाखान्यात हलवलं आणि तिथेच एका सकाळी ते गेले. माती अहमदपूरला झाली. मीही मूठभर माती दिली. बाई दिसल्या नाहीत, दिसणार नव्हत्याच.

पुढचे दिवस मी स्वतःशीच भांडण्यात घालवले. पुस्तक तसंच छापायला काय हरकत होती? ट्यूबवरचं ते बोट. कुठल्याही संपादकाने तोच शेवट उचलला असता, आणि मीही उचलला असता. पण कागद छपाईला द्यायला घेतले की कानात यायचं, वो तो जिंदी है ना. आणि मी ते परत कपाटात ठेवायचो.

एक दिवस बाईंच्या मुलीचा, रुखसानाचा फोन आला. अम्मीने बोलावलंय, वेळ काढून या. गेलो. ओसरीत माझ्यासाठी खुर्ची ठेवली होती आणि आतल्या दाराला जाड हिरवा पडदा. बाईंची इद्दत चालू होती. ज्या बाईंच्या शेजारी बसून मी वर्षानुवर्षं स्टाफरूममध्ये डबा खाल्ला, त्यांच्याशी पडद्याआडून बोलताना मला कसंतरीच झालं. त्यांना ते पलीकडून कळलं असावं. "एवढं पाळू द्या सर," त्या म्हणाल्या. "ह्यात मला बरं वाटतं. बसा. शेवटचं प्रकरण वाचते."

आणि वाचू लागल्या. जैनबची इद्दत संपली आहे. ती एकटी उदगीर स्टँडवर येते आणि पहिली दिसेल ती गाडी धरते. शेजारच्या सीटवर एक म्हातारी. पंच्याहत्तरी गाठलेल्यांना एसटी फुकट, म्हणून म्हातारी कंडक्टरला ठासून सांगते, मी पंच्याहत्तरची. कंडक्टर म्हणतो, "मावशी, मागच्या बाजारच्या दिवशी तर तुमी साठीच्या होता." म्हातारी सुस्कारा टाकते, "व्हते की रं. मग सून माहेरून परत आली." आणि जैनबला हसू फुटतं. नकाबाच्या आत फुटतं, आवरता आवरत नाही. समोरच्या सीटचा दांडा धरून ती हसत सुटते आणि गाडी खडखडत स्टँडाबाहेर पडते.

मला फसकन हसू आलं. लगेच जीभ चावली, सुतकाच्या घरात बसलोय म्हणून. पडद्यामागे कागदांचा आवाज थांबला.

"खरं हसलात का मन राखायला?"

"खरं, बाई. आलंच हसू."

कागद पुन्हा सारखे केल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "आधीचं सगळं ह्यांनी ऐकलं. हे एकच राहिलं. म्हणून तुमाला बोलावलं."

मी विचारलं, "लिहिताना तुम्हाला आलं का हसू?"

"मला न्हाई आलं अजून. मी हितंच हाय, पडद्याच्या आत. जैनब तेवढी पुढं गेली." पडद्याखालून कागद माझ्याकडे सरकले. "तिला जाऊ द्या सर. मी येते मागून."