पापणीवरचा कागद

झुंबरतात्या कागदाची परीक्षा पापणीवर घ्यायचे. नवा ताव हातात आला की डोळा मिटायचा, कागद पापणीवरून अलगद ओढायचा आणि मान हलवायची. "न्हाय. अजून बोचतंय." बारामतीच्या आमच्या दवाखान्यात पहिल्यांदा आले तेव्हा मलाही त्यांनी डोळे मिटायला लावले. मी तिथली नर्स, मालती, तोंडाची फटकळ. म्हटलं, "तात्या, हा दवाखाना आहे, तमाशा नाही." पण डोळे मिटले खरे.

ही पंचावन्न सालची गोष्ट. तात्या सांगवीचे. पुण्यात हातकागद बनवण्यात उमेदीची वर्षं गेली, आणि बायकोच्या, फुलाबाईंच्या, अंगावरून वारं गेलं तेव्हा सगळं सोडून गावी परतले. फुलाबाई अंथरुणाला खिळल्या, पाठीला जखमा झाल्या, त्यांतून सारखं पाणी झिरपायचं. कातडी इतकी पातळ झाली होती की पट्टीचं कापड उचललं की तीही सोबत यायची. मी आठवड्यातून दोनदा एसटीनं जाऊन जखमा पुसायचे. बाई ओरडायच्या नाहीत, नुसता ओठ चावायच्या. ते पाहवेना म्हणून हा माणूस जखम टिपणारा मऊ कागद करायला बसला.

चिंध्या चुन्यात भिजवायच्या, कुटायच्या, लगदा हौदात कालवून चाळणीवर उचलायचा, इथवर पुण्याची विद्या. लिहायच्या कागदाला पुढं खळ देतात, म्हणजे शाई फुटत नाही. तात्यांनी खळच बंद केली. कागद पाणी प्यायला लागला, पण वाळला की पापडासारखा कडक. सणसरहून उसाची चिपाडं आणून लगद्यात घातली, ती कुसळासारखी टोचली. मग एकदा तव्याला चिकटलेली भाकरी उलथन्यानं काढताना तिच्या चुण्या पडल्या आणि तात्या चूल तशीच टाकून उठले. गुळाची जुनी कढई निखाऱ्यांवर पालथी घातली, ओला ताव तिच्या पाठीवर चिकटवला आणि बोथट खुरप्यानं खरवडून काढला. कागदाला बारीक चुण्या पडल्या. ओढला तर ताणायचा, फाटायचा नाही. एवढी अक्कल असलेला माणूस भाकरी मात्र रोज करपवायचा.

तरीही पापणीला तो बोचायचाच.

पुढच्या उन्हाळ्यात एके दिवशी तात्यांनी एक चळत माझ्यापुढं ठेवली. मी डोळा मिटला. कागद लागलाच नाही, नुसता गारवा लागला. जंतू मरावेत म्हणून नेहमीसारखा वाफेत धरून घेतला आणि फुलाबाईंची पाठ पुसायला बसले. बाईंनी ओठ चावला नाही. जरा वेळानं म्हणाल्या, "मालतीबाई, तुमच्यासंगं कोन आलंय?"

"कुणी नाही. का?"

"दुसरा हात हाय. गार हाय. बांगड्या वाजत्यात."

मी कामावर बांगड्या घालत नाही. भ्यायले की मी फार बडबडते; त्या दिवशी एसटी, ऊन, डॉक्टर, कशाकशावर बोलले. पुढच्या चळतीच्या वेळी फुलाबाई म्हणाल्या, आजचा हात म्हातारीचा हाय, थरथरतोय. मी तोच कागद स्वतःच्या मनगटावर घासला. मला काहीच लागलं नाही. ज्याला गरज असेल त्यालाच तो हात कळत असावा.

कृती जुनीच होती, मग फरक चिंध्यांत असणार; त्या येतात कुठून हे बघणं भाग होतं. तात्या घरात नव्हते, नदीवर गेलेत असं फुलाबाई म्हणाल्या, म्हणून मी तिकडं गेले. नीरेच्या वळणावर, मसणवट्याच्या खालच्या अंगाला, बाभळीच्या मुळ्यांत अडकलेली लुगडी ते काठीनं ओढत होते. गेलेल्या माणसाचं कापड आपल्याकडं नदीत सोडतात, आणि सोडलेलं परत घरात आणत नाहीत. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

"तात्या, लाज वाटत नाही?"

"नदीनं वरीसभर धुतल्यालं कापड हाय. इतकं मऊ जित्या मानसाच्या घरात गावत न्हाय." त्यांनी लुगडं पिळलं. "आन् मेलेल्यास्नी काय करायचंय त्याचं?"

"त्यांना नको, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

ते पुढचं लुगडं सोडवायला वाकले. मी डॉक्टरांना काही सांगितलं नाही. पाठ सुकत चालली होती आणि मला तेवढंच दिसत होतं.

त्या कापडांचा कागद झाला. पहिलाच ताव पाठीवर ठेवला तशा फुलाबाई हुंदका देऊन रडायला लागल्या. "डावखुरी हाय! आवो, आपली म्हाळसा हाय ही!"

म्हाळसा त्यांची एकुलती लेक. आदल्या साली बाळंतपणात गेली होती. मी उजव्या हातानं पुसत होते. तात्या धावत आले, कागद उजेडात धरला. लगद्यात हिरव्या काठाचा एक दोरा राहिला होता. त्यांनी दोऱ्यावरून बोट फिरवलं. "तिचंच लुगडं. मीच सोडलं हुतं पाण्यात."

त्या दिवसापासून फुलाबाईंना दुसरा कागद चालेना. आणि माझा नियम होता, वापरलेला कागद लगेच चुलीत. एक एक ताव जळायचा तशी ती दोघं आगीकडं बघत राहायची. तात्या बाजूला राहिलेला ताव घेऊन पापणीवरून फिरवायचे, पुन्हा फिरवायचे. त्यांना काही लागायचं नाही. "मला का येत न्हाय ती?" एकदा त्यांनी मला विचारलं. म्हटलं, "तुम्ही धडधाकट आहात, म्हणून."

दिवाळीनंतर फुलाबाईंचा ताप उतरेना. कागद एकच उरला. तात्यांनी तो बंडीच्या आत, छातीशी ठेवला होता. मी हात पुढं केला तसे ते मागं सरले. "ह्यो माझा. माझं दुखणं येईल तवा मला बी लेक भेटंल." मला त्यांचा राग आला आणि कीवही आली. आतून फुलाबाई क्षीण आवाजात म्हणाल्या, "म्हाळसा आली न्हाय का आज?"

तात्यांनी बंडीत हात घातला. मग त्यांनी कागद काढून माझ्या हातावर ठेवला आणि भिंतीकडं तोंड केलं. मी फुलाबाईंचे डोळे पुसले. भर दुपारी, हसऱ्या तोंडानं, त्या गेल्या.

तो भिजलेला ताव घेऊन मी चुलीकडं वळले, तर तात्यांनी नुसती ओंजळ पुढं केली. नियम मोडायचा एवढाच एक प्रसंग माझ्या नोकरीत आला. मी कागद त्यांना दिला. फुलाबाईंचं लुगडं त्यांनी नदीत सोडलं नाही.

एकोणसाठ साली तात्या आमच्याच दवाखान्यात दाखल झाले. छातीत पाणी झालं होतं, तोंड तापानं लाल. उशाखाली फडक्यात बांधलेली चळत होती. "फुलाच्या लुगड्याचा हाय," म्हणाले. "त्यो शेवटला ताव बी त्याच्यात कुटलाय. पुसा, बाई."

सकाळचं ऊन खाटेवर आलं होतं. मी एक ताव त्यांच्या मिटल्या पापण्यांवर ठेवला आणि, खरं सांगते, भीतीनं हात काढून घेतला.

कागद थांबला नाही. उजव्या डोळ्यावरून सावकाश कानशिलाकडं गेला. आणि त्याच वेळी डावीकडची कड उचलून डावीकडं. मधोमध तो ताणला गेला, फाटला नाही.

"दोगी हायत," तात्या म्हणाले.