उपड्या होडीवरची मांडणी

कोलशेतच्या खाडीकाठी एक म्हातारी कोळीण उपड्या होडीवर ऋतूचं देवघर मांडायची. श्रावणात तेरडा, थंडीत भाताच्या लोंब्या, उन्हाळ्यात नुसतं मिठागरातलं मीठ. त्यापुढे ती पत्ते मांडून भविष्य सांगे. लग्न अडलेल्याला मांडवाच्या आकारात, दर्यावर गेलेल्यासाठी होडीच्या.

माझा मुलगा भांडून घर सोडून गेला होता. तिने माझ्यासाठी पत्त्यांचं घर आखलं. खाडीवरच्या धुक्यात ते तरंगतंय असं वाटलं. तरी माझी नीटनेटकी नजर एका रिकाम्या जागेवर अडलीच.

"आजी, इथे एक पत्ता राहिला."

"राहिला नाय, बाय. तो दरवाजा हाय. पोर आत येल कुठून?"

घरी येऊन मी त्याच्या कॉटवर रचलेले पापडाचे डबे उतरवले आणि चादर घातली.