साहेबांच्या शेजारचा फराटा

आमचे हे मेहकरात फोटोग्राफर होते. नवऱ्याचं नाव मी तेव्हाही घेतलं नाही, आताही घेत नाही. गाव त्यांना फोटोवाले म्हणायचं, तेवढं पुरे आहे.

धंदा चालायचा तो न हलणाऱ्या माणसांवर. नवरा-नवरी, हार घातलेले सत्कारमूर्ती, आणि कधीमधी खुर्चीला टेकवून बसवलेले नुकतेच वारलेले आजोबा. आजोबांचे फोटो सगळ्यांत स्वच्छ यायचे.

ह्यांचा जीव मात्र अडकला होता उडणाऱ्या पाखरांत. दिवाळीनंतर गावाबाहेरच्या तलावावर उत्तरेकडून रानहंस येत. राखाडी अंग, पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे. अंधार पडला की ते हरभऱ्यात चरायला उतरत, म्हणून शेतकरी त्यांना शिव्या देत. गावात त्यांना सरसकट बदकं म्हणत. त्यांचा उडतानाचा फोटो काढायचा, असं ह्यांनी मनात घेतलं. कित्येक हिवाळे गेले. दर वेळी फोटोची काच धुतली की त्यावर कुणी राखेची बोटं पुसल्यासारखं काहीतरी दिसे. "हा पंख," हे म्हणत. मी मान डोलवायची.

शेवटी ह्यांना युक्ती सुचली. पाखरू थांबत नाही, तर कॅमेऱ्यानं त्याच्यासोबत जावं. तिवईचा स्क्रू सैल ठेवायचा, पाखरासोबत कॅमेरा फिरवायचा आणि फिरता फिरताच कळ दाबायची. पाखरू उमटतं, बाकीचं जग फरफटत जातं. सरावासाठी हे दुकानाच्या खिडकीतून रस्त्यावरचे सायकलवाले टिपू लागले. एक जण जिना चढून वर आला. "काऊन हो, माह्यावर पाळत ठेवून राह्यले का?" त्याला त्याचाच फोटो दाखवला, तर सायकल पाहून खूश झाला.

त्या हिवाळ्यात जिल्ह्याच्या गोऱ्या साहेबांचा तंबू तलावाकाठी पडला. साहेबांना शिकारीचा नाद. साहेब आले म्हटल्यावर गावातल्या तीन थोरांना रात्री झोप लागेना. एक देशमुख, ज्यांची जमीन कुठे संपते हे त्यांच्या कारभाऱ्यालाही सांगता येत नसे. दुसरे वकील, पुण्याला शिकून आलेले आणि ते कुणालाही विसरू न देणारे. तिसरे कापसाचे जिनिंगवाले शेठ. साहेबांसोबत आपला फोटो निघावा, असं तिघांनी मिळून ठरवलं. साहेबांच्या शेजारी कोणी उभं राहायचं, हे मात्र ठरवलं नाही.

काचांची पेटी हे माझ्याशिवाय कोणाच्या हाती देत नसत, म्हणून मीही बैलगाडीतून गेले आणि एका बाभळीआड बसले. उजाडलं होतं. तलावाकडे पाठ करून साहेब उभे राहिले, एका बाजूला त्यांचा शिकारी बंदूक घेऊन. म्हणजे शेजारची जागा एकच उरली.

"वकीलसाहेब, जरा सरका," देशमुख म्हणाले.

"मी सरकलो तर शेठजी आत येतील."

"आम्ही तो आलोच आहोत जी," शेठ दोघांच्या मधून डोकं काढत म्हणाले.

देशमुखांचं पागोटं वाकडं झालं, वकिलांच्या कोटाचं बटण तुटलं. साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि "जल्दी!" म्हणून ओरडले. जागा मिळत नाही म्हटल्यावर देशमुखांनी निदान आवाजात तरी पुढे जावं म्हणून छाती भरून आरोळी ठोकली, "साहेब बहादूर की जय!"

ती ऐकून तलावावरचे सगळे हंस एकदम उठले. पाण्यावर पंख आपटल्याचा केवढा आवाज झाला! थवा वळला आणि मंडळींच्या डोक्यावरून, अगदी कमी उंचीवरून, आडवा निघाला. ह्यांनी डोळ्यासमोरचे साहेब सोडले, देशमुख सोडले, पोटापाण्याचा धंदाही सोडला आणि कॅमेरा थव्यामागे फिरवला. कळ दाबल्याचा आवाज मला बाभळीपर्यंत आला. साहेबांनी शिकाऱ्याच्या हातची बंदूक हिसकावली आणि हंसांच्या मागे धावले. ते फोटोसाठी परत उभे राहिलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी तंबूही हलला.

फोटो काढला त्याच रात्री कोठीच्या खोलीत लाल कंदिलाखाली मी काच धुतली. हळूहळू तीन हंस वर आले. डोळे, चोची, डोक्यावरचे पट्टे, सगळं होतं. फक्त पंखांची टोकं धुरासारखी विरलेली. त्यांच्याखाली चुन्याचा कुंचला ओढावा तसे आडवे फराटे. साहेबांची टोपी टोपलीएवढी रुंद झाली होती.

"हंस आले," मी म्हटलं. "माणसं नाई आली."

हे काच हातात धरून कितीतरी वेळ उभे होते. त्यांचे डोळे भरले होते. मग एकदम खाली बसले. "उद्या मले गाव सोडावं लागते," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तिघं दुकानात आले. ह्यांनी घाबरत घाबरत फोटो पुढे केला. मी पडद्यामागे होते. तिघांची डोकी फोटोवर वाकली.

"हा मी," वकिलांनी साहेबांच्या टोपीला लागून असलेल्या फराट्यावर बोट ठेवलं.

"तुमी? तो तं माह्या पागोट्याचा शेमला हाय!" देशमुख उसळले.

"पागोटं नाही जी, ते आमचं उपरणं," शेठ म्हणाले.

तासभर भांडण झालं. हंसांकडे एकानंही पाहिलं नाही. शेवटी प्रत्येकानं आपली वेगळी प्रत करून घेतली, आणि प्रत्येकाच्या प्रतीखाली साहेबांशेजारी त्याचंच नाव ह्यांनी सुबक अक्षरात लिहून दिलं. तिन्ही बैठकींत ते फोटो लागले. पाहुणे येत, मान डोलवत. फराटा ओळखता आला नाही असं म्हणायची कोणाची छाती?

मग स्वराज्य आलं. देशमुखांनी रातोरात खादीची टोपी शिवून घेतली, वकील झेंडावंदनाला पुढच्या रांगेत, शेठही त्यांच्या मागोमाग. आठवड्याच्या आतच देशमुख फडक्यात गुंडाळलेला फोटो घेऊन आले.

"फोटोवाले, साहेबाशेजारी हे काई मी नाई. तो वकील हाय. नाव चुकलं तुमचं."

संध्याकाळी वकील आले. "तो फराटा शेठजींचा आहे, हे मी तेव्हाच म्हणालो होतो."

शेठ तर म्हणाले, त्या दिवशी ते गावातच नव्हते. साहेब पुसून टाका, असं तिघांचंही म्हणणं.

"पुसू कसं?" हे म्हणाले. "पुसलेलाच हाय तो."

मग ह्यांनी माझी शिवणाची कात्री मागितली आणि तिन्ही फोटोंचा खालचा भाग, टोप्या, पागोटी, नावांसकट कापून काढला. वर तीन हंस उरले. देशमुखांनी तेवढाच तुकडा नव्या चौकटीत बसवून बैठकीत लावला. पुढे आम्ही एका मुंजीला त्यांच्याकडे गेलो, तेव्हा ते पाहुण्यांना सांगत होते, "आपल्याले पह्यल्यापासून पाखरांचा भारी नाद."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं, चिडले असतील. पण हे पाहुण्यांच्या गर्दीत शिरले होते, आणि एक म्हातारे गृहस्थ चष्मा वर करून हंसांच्या पंखांकडे निरखून पाहत होते, त्यांना कॅमेरा कसा फिरवायचा ते हातवारे करून समजावत होते.