खंडेनवमीला फिरलेलं चाक

"शेवंते, निळं पडलं का?"

मावशीनं सुरी चाकावरनं उचलली, बादलीत बुडवली आन् पुसून माझ्या नाकासमोर धरली.

"न्हाई."

"नीट बघ."

"न्हाई म्हणले की! तुला दिसत न्हाई का?"

"तुज्या डोळ्याला काम दे जरा. शाळा सोडलीस, बघणं तरी शिक."

आन् परत पाय मारायला लागली. चाक गरगर फिरायला लागलं, ठिणग्या अशा उडायल्या की बास! साध्या लोखंडाची ठिणगी लांब आन् मळकी असती. ह्या सुरीची ठिणगी हवेत जाऊन फुटत होती, चांदण्या फुटल्यासारखी. मी तसलं कधी बघितलंच नव्हतं. शेजारी, जिनं ही सुरी आणली ती सिद्धम्मा पदर तोंडात कोंबून बसली होती.

आता सांगते सगळं. माझी मावशी, कलाबाई, बीदरात मैलूरला ऱ्हाती. धार लावती. विळी, कात्री, कोयता, न्हाव्याचा वस्तरा, काय बी आणा. तिच्या नवऱ्यानं, हरिबा काकानं, हे काम एका शिकलगार उस्तादाकडं शिकलेलं. काका गेला तवा मावशीनं तेराव्या दिवशी चाक बाहेर काढलं. लोक हसले. "बाईमाणूस चाकावर बसती का कुठं?" मावशी म्हणली, "चाकाला इचारा, त्येला चालतंय का." तिला चाललं. सातवीत मी शाळा सोडली, मास्तरचं आन् माझं पटलं न्हाई, तवापासनं मी तिच्याकडंच. तिला कुणी वाकडं बोललं तर मी आजून बी भांडते. एका गवंड्याच्या डोक्यात तांब्या घातलाय मी. ते पुन्यांदा कवा तरी.

तर ब्याऐंशी सालची खंडेनवमी. त्या दिवशी आख्ख्या गावात हत्यार हलत न्हाई. लोहाराचा घण, सुताराची करवत, शिवणाऱ्याची मशीन, मोटारीचा पाना, समदं हळदकुंकू लावून मांडून ठेवतात, पूजा करतात, दसऱ्यापातूर हात लावत न्हाईत. आमचं तसं न्हाई. मावशी छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेली. ती नवमीला मुद्दाम चाक काढती. गिऱ्हाईक एक बी येत न्हाई, कारण समद्यांची हत्यारं पूजेत. तरी ही लिंबाखाली बसून आमच्या वस्तीतल्या विळ्या घासत बसती. कोपऱ्यावरचा मारोती लोहार दर वर्षी वरडायचा, "कलाबाई, आज तरी इसावा दे की चाकाला!"

"तुज्या घणाला दे. लई दमलाय त्यो, तुज्यासारखा."

त्या दिवशी दुपारी सिद्धम्मा पळत आली. ही डॉक्टरसाहेबाच्या बंगल्यात सैपाक करती. कानडी बाई, मराठी बोलती पण तिच्या तोंडात मराठीचे हातपाय वाकडे होतात. पदराखाली काय तरी दडवलं होतं. ते तिनं भुईवर ठेवलं. चाकू-सुरी हातात द्यायची न्हाई, भांडण लागतं म्हणतात. पण ही बाई विळी धार लावायला आणायची तवा सुट्टे पैसे बी भुईवरच ठेवायची, म्हणून माझं डोकं तिच्यावर आधीच तापलेलं.

"कलाक्का, माझा खोली जातंय गं!"

सुरी जर्मनीची. डॉक्टरीणबाईच्या भावानं तिकडून आणलेली. वीतभर लांब पातं, शिसवी लाकडाची मूठ. लिंबू कापलं की काळं पडायचं, पण धार अशी की टमाट्याला नुसतं दाखवावं. आन् आता पात्याच्या मधोमध ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा उडालेला, टोक बी गेलेलं.

"काय कापलंस गं हिनं?" मी इचारलं. "रूळ?"

"नारळ."

"कोयत्यानं कामून फोडला न्हाईस?"

"कोयता पूजेत मांडलाय की! विळी पूजेत, बत्ता पूजेत. कुंकू वाहिला, आता उचलायचा कसा? नारळ तर फोडायलाच पायजे. बंगल्यात दगड कुठं हाय, समदा गुळगुळीत फरशी. हा एकच सुरी कपाटात होता. बाईसाहेब म्हणतात त्याला कुंकू लावू नको, डाग पडतो."

मी खो खो हसले. म्हंजे पूजेतनं सुटली ती हीच, आन् मोडली बी हीच!

मावशी हसली न्हाई. तिला ठाऊक होतं. आदल्या सैपाकीण बाईच्या हातनं चिनी बरणी फुटली होती, तर तिला त्याच दिवशी बंगल्याबाहेर काढलं होतं, बोचक्यासकट. सिद्धम्मा पंधरा वर्षं बंगल्यामागच्या खोलीत ऱ्हायली होती. म्हातारी आई तिच्याजवळ, आंथरुणाला खिळलेली. डॉक्टरीणबाई संध्याकाळच्या हैदराबादच्या मोटारीनं यायली होती. गावात समदे धारवाले बंद. मारोतीकडं गेली तर त्यानं हात जोडले, म्हणला आज पाप लावू नको.

"सहा वाजता मोटार येतंय, कलाक्का."

मावशीनं सुरी उचलली. कानाजवळ नेऊन नखानं टिचकी मारली. टण्ण! देवळातल्या बारक्या घंटीसारखी वाजली.

"आस्सल हाय," मावशी म्हणली. "कडक हाय म्हणून तुटली. मऊ असती तर वाकली असती." मग पात्यावरनं अंगठा आडवा फिरवला, एकदा, दोनदा. "होतंय. पण हिचं पाणी उतरलं तर खेळ खलास. कुंद्रु अक्का, कुंद्रु."

सिद्धम्मा बसली.

पोलादाला पाणी दिलेलं असतं, तेच त्याचा जीव. चाकावर जास्त तापलं की पातं आधी पिवळं पडतं, मग निळं. निळं पडलं की पाणी उतरलं. मग ती सुरी न्हाई, पत्रा. आन् तुटलेला खड्डा भरून तर येत न्हाई, त्याच्या तळापातूर आख्खी धार खाली आणावी लागती. म्हंजे लई घासायचं, आन् तापू द्यायचं न्हाई.

मावशीनं डबीतनं मोरचूद काढला, पाण्यात कालवून पात्याला पुसला. पातं तांब्यासारखं लाल झालं! ही युक्ती तिनं बिदरी काम करणाऱ्यांची बघून उचललेली. मग दाभण माझ्या हातात दिला.

"रेघ ओढ. खड्ड्याच्या तळाला टेकून, धारेचा बाक हाय तसा."

"मी?"

"मग काय सिद्धम्मा ओढंल? तिच्या बांगड्या ऐक कशा वाजायल्यात."

मी जीभ बाहेर काढून रेघ ओढली. तांबड्यावर पांढरी, चकाकती. मावशीनं तिच्यावर नख फिरवून बघितलं आन् मान हलवली. मला मास्तरनं कधी पाटीवर बरोबरची खूण दिली नव्हती. इथं मान हलली. मी उड्या मारायचीच बाकी होते.

मग सुरू. दोन दमात चाक, एकदा पाणी. "निळं पडलं का?" "न्हाई." "रेघ किती ऱ्हायली?" "दोरीएवढी." "आता?" "दोऱ्याएवढी." मी वाकून वाकून मान मोडून घेतली. पाणी संपलं तर सिद्धम्मानंच आमच्या घरात शिरून तांब्या भरून आणला आन् बादलीत ओतायला लागली. पंधरा वर्षांत तिनं आमच्या तांब्याला बोट लावलं नव्हतं. त्या घाईत कुणाच्या ध्यानात आलं न्हाई. माझ्या आलं.

धार रेघेला टेकली. खड्डा गेला! मी टाळ्या वाजवल्या.

"थांब, टोक ऱ्हायलंय."

टोक धारेकडनं काढायचं नसतं. सुरीची पाठ उतरवत न्यायची आन् धारेला भेटवायची. आन् टोकाला पातं पातळ, ते चटकन तापतं. मावशी हळूहळू करायली होती. तेवढ्यात रस्त्यावरनं एक बँडवाला दसऱ्याचा सराव करत चालला होता. माझं बघणं तिकडं.

"निळं पडलं का?"

"न्हाई," मी बोलले. न बघता.

मग बघितलं. टोकाला पिवळा पिवळा रंग चढायला लागलेला, वाळल्या कडब्यासारखा.

"मावशे थांब! पिवळं!"

तिचा पाय जागच्या जागी आडकला. सुरी पाण्यात. बाहेर काढली. मी पात्याला नाक लावून बघितलं. पिवळंच होतं, निळं नव्हतं. मावशीनं परत टिचकी मारली. टण्ण!

मला वाटलं आता थोबाडीत बसंल. ती एवढंच म्हणली, "शेवंते, हे तुज्या जिभेवर चाललंय. खोटं बोलू नगंस." तिचा आवाज असा बारीक झालेला की मला थोबाडीत परवडली असती.

पुढं मी पापणी बी हलवली न्हाई.

टोक झालं. मग जाड झालेली धार दोन्ही अंगानं पातळ केली, बारक्या दगडावर पाणी टाकून घासली, शेवटाला न्हाव्यासारखी चामड्याच्या पट्ट्यावर उलटी ओढली. मोरचुदाचा तांबूस डाग चिंच आन् राखेनं काढला. साडेपाच वाजले होते. मावशीनं सिद्धम्माच्या अंबाड्यातलं शेवंतीचं एक फूल मागितलं, त्याची एक पाकळी हवेत सोडली आन् सुरी नुसती खाली धरली. पाकळीचे दोन तुकडे भुईवर!

मी अशी ओरडले की मारोती लोहार दुकानातनं पळत आला. त्यानं पातं उलटंपालटं करून बघितलं, मावशीकडं बघितलं आन् म्हणला, "आज चाकाला इसावा दिला न्हाईस ते बरं केलंस बाई."

सिद्धम्मा रडायली बी होती आन् हसायली बी. जाताना मावशीनं सुरी भुईवर ठेवायला हात खाली नेला, तर सिद्धम्मानं ती मधीच, तिच्या हातातनं हातात घेतली.

"भांडण लागंल की!" मी म्हणले.

"लागू दे. तुझी मावशी संगट भांडायला बी मी येतो." आन् ती बंगल्याकडं पळाली, चप्पल हातात घेऊन.

रात्री डॉक्टरीणबाईनं त्या सुरीनं काकडी कापली. सिद्धम्मा दाराआड उभी. बाई म्हणल्या, "सिद्धम्मा, ही सुरी पहिल्यापेक्षा हलकी लागायलीय गं हाताला. धार लावून आणलीस का? बरं केलंस." झालं. खोली ऱ्हायली. दसऱ्याला मावशी पांढरं लुगडं नेसून विहारात जायला निघाली तर सिद्धम्मा दारात हजर, हातात झाकलेलं पातेलं. खोबऱ्याच्या वड्या. त्याच नारळाच्या!

"पूजेचा न्हाई," ती आधीच म्हणली. "पूजेला दुसरा फोडला. हा सुरीवाला नारळ हाय." मावशीनं तिथंच उभं राहून दोन खाल्ल्या. मी आठ.

त्यानंतर दोन वर्षांनी बीदरला डोळ्याचं शिबिर लागलं. मावशी यायला तयार नव्हती, सिद्धम्मानं आन् मी तिला दोन्ही दंडाला धरून नेलं. डॉक्टरनं बॅटरी मारून बघितलं आन् मला बाहेर बोलवून सांगितलं, हिचा उजवा डोळा निदान सहा वर्षांमागंच गेलाय, डाव्याला तेवढ्याच वर्षांपासून नुसता उजेड-अंधार कळतो, रंग एक बी न्हाई.