हिरवं बटण

निवृत्त झाल्यापासून मला एका जागी बसवत नाही. चहा मी ओट्याशी उभं राहून पितो, फोनवर बोलताना सगळ्या खोल्यांतून फिरून येतो आणि दुपारी घरातल्या बिजागऱ्या हलवून बघत हिंडतो. बायको असती तर तिने मला भाजी आणायला तरी पिटाळलं असतं. तिला जाऊन सहा वर्षं झाली. शेवटी मुलगा वैतागून म्हणाला, "बाबा, काहीतरी छंद लावून घ्या, नाहीतर आम्हाला वेड लागेल." त्याच्या डोक्यात भजनी मंडळ होतं. मी इथे हैदराबादेत चिक्कडपल्लीच्या एका दुकानातून टेबल सॉ उचलून आणला. टेबल सॉ म्हणजे लोखंडी मेज, मेजाच्या फटीतून वर आलेलं गोल दातेरी पातं आणि खाली मोटर. नल्लकुंट्यातल्या आमच्या घरामागे स्कूटरची शेड आहे, तिथे तो बसवला. त्याच मशीनवर एका रविवारी माझ्या सुनेची बोटं जाता जाता राहिली, ते सांगायचं आहे.

माझा स्वभाव उतावळा, हे मला ठाऊक आहे. म्हणून मशीनपुरते मी स्वतःला नियम घालून घेतले होते आणि ते भिंतीवर खडूने लिहिलेही होते. पातं लाकडाच्या वर जेमतेम दिसेल एवढंच उचलायचं. उभं राहायचं ते पात्याच्या रेषेत नाही, डाव्या अंगाला. कारण लाकूड अडकलं तर पातं ते उलटं फेकतं आणि मग ते पोटात बसतं. अरुंद पट्टी हाताने नाही, काठीने ढकलायची. लुंगी, लोंबती बाही आणि हातमोजे बंद. पात्याजवळ हात न्यायचा असेल तर आधी प्लग काढायचा. काम अचूक व्हायला हवं तर त्याचेही नियम: पातं काटकोनात आहे का ते गुण्या लावून बघायचं, लाकूड जिला टेकवून सरकवायचं त्या आडपट्टीचं पात्यापासूनचं अंतर पुढून आणि मागून दोन्हीकडे मोजायचं, आणि पातं स्वतःच तीन मिलिमीटर लाकूड खातं हे विसरायचं नाही. पहिल्या महिन्यात मी ते विसरलो आणि एक अख्खं कपाट आखूड झालं. ते अजून शेडमध्ये आहे, त्यात भुसा भरून ठेवतो.

घरातही माझा एक नियम होता, तो मात्र कुठे लिहिलेला नव्हता. घरात मराठीच बोलायचं. आजोबा शेती भावांवर सोडून संस्थानाच्या काळात हैदराबादला आले, तेव्हापासून आम्ही इथलेच. रस्त्यावर दखनीत हौ-नक्को करत आमचा जन्म गेला, पण उंबरठ्याच्या आत मराठी. माझ्या भावाच्या नातवंडांना मराठीची एक ओळही वाचता येत नाही, याचा मला फार राग येतो. सून तेलुगू घरातली. लग्नाला चार वर्षं झाली, ती नेटाने मराठी शिकली. 'तो खुर्ची' म्हणते, 'माझा चप्पल' म्हणते, पण बोलते. चुकून तेलुगू शब्द तोंडातून निघाला की मी कानाला हात लावून म्हणायचो, "काय? ऐकू आलं नाही." मुलगा हसायचा, तीही हसायची. तिला खरंच हसू येत होतं का, हे मी कधी विचारलं नाही.

त्या रविवारी तिला लोणच्याच्या बरण्यांसाठी मांडणी हवी होती. प्लायच्या लांब पट्ट्या कापायच्या होत्या. मुलगा बाहेर गेला होता, म्हणून पलीकडून पट्टी धरायला तीच उभी राहिली. आधी मी तिच्याकडून शब्द पाठ करून घेतले. पट्टी आली की 'धर', कापून झाली की 'सोड', काही बिघडलं की 'थांब'. तिने शहाण्या मुलीसारखी मान हलवली. चार पट्ट्या झकास निघाल्या. मला सुरसुरी आली होती. खरं तर चारच पुरेशा होत्या, पण आणखी दोन काढून ठेवाव्यात असं माझ्या मनात आलं. मी मशीन बंद केलं, खाली वाकून आडपट्टीचा स्क्रू आवळू लागलो आणि वाकल्या वाकल्याच विचारलं, "अजून एक घेऊ का?"

ती म्हणाली, "चालु, बाबा!"

मी हिरवं बटण दाबलं.

पातं आणि आडपट्टी यांच्या मध्ये एक चिंचोळा तुकडा अडकला होता. मशीन बंद दिसलं म्हणून ती तो काढायला गेली होती. मोटर गुरगुरली, तुकडा माझ्या उजव्या बाजूने सणसणत गेला आणि शेडच्या दारावर आपटला. ती किंचाळली. मी लाल बटणावर थापच मारली. पातं थांबेपर्यंतचे ते चार-पाच क्षण माझ्यात तिच्याकडे बघायचं धैर्य नव्हतं.

बोटं होती. पाचही होती. मधल्या बोटाच्या नखाचा कोपरा साफ उडाला होता आणि तिथून रक्त येत होतं. दोन सुतं आत असती तर बोट गेलं असतं. स्वतःला वाचवायचे सगळे नियम मी पाळले होते, पात्याच्या रेषेत उभासुद्धा नव्हतो. प्लग तेवढा भिंतीत तसाच होता, आणि बटण दाबण्याआधी मी मान वर करून बघितलं नव्हतं.

तेलुगूत 'चालु' म्हणजे पुरे. हे हैदराबादेत कोणाला माहीत नाही? तेलुगू लग्नात वाढपी भाताचा डोंगर घालू लागला की आम्ही लहानपणापासून पानावर हात आडवा धरून 'चालु, चालु' म्हणत आलो आहोत. पुण्याचे पाहुणे 'चालू दे' समजून खूश व्हायचे, त्यावर आम्ही हसायचो. तिने पुरे म्हटलं आणि मी सुरू कर असं ऐकलं, कारण या घरात तिच्या तोंडून मराठीच येणार असं मीच ठरवून टाकलं होतं.

आणि मग चार वर्षांत पहिल्यांदाच ती माझ्यावर ओरडली. तेलुगूत. "चालु अन्नानु कदा! चूडकुंडा एला नोक्कारु?" पुरे म्हटलं होतं ना मी, न बघता दाबलंच कसं? पुढेही बरंच बोलली, धडधडा, एकदाही न अडखळता. तिचा आवाज इतका मोकळा आहे हे मला ठाऊकच नव्हतं. मी तिच्या बोटाला रुमाल गुंडाळला आणि माझ्या नकळत म्हणून गेलो, "तप्पु नादे, अम्मा." चूक माझीच आहे, पोरी. मग थांबता येईना. तू मराठीत म्हणालीस असं वाटलं, मी आधी बघायला हवं होतं, डॉक्टरकडे जाऊ, धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊ, असं सगळं मी तेलुगूतच बोलत सुटलो.

ती चमकली.

"बाबा, तुम्हाला एवढं तेलुगू येतं?"

"येतं," मी म्हणालो. "तीस वर्षं ऑफिसात तेच बोलत होतो."

तिने रुमाल घट्ट धरला आणि हळूहळू, शब्द शोधत मराठीत बोलायला लागली. "माझी अम्मा दर संक्रांतीला येते. तिला दुसरा भाषा येत नाही." 'दुसरा' नाही, 'दुसरी', पण मी तिची चूक काढली नाही. "दोन दिवस ती या घरात गप्प बसते. तुम्ही तिच्यासमोरून फेऱ्या मारता आणि हसता. जाताना ती मला दर वेळी सांगते, तुझे मामय्या फार चांगले आहेत गं, बिचाऱ्यांना आपली भाषा येत नाही एवढंच."